पटावरची मोजदाद

फुली-गोळ्याच्या नऊ घरांपैकी सहा भरली आहेत. तीन फुल्या, तीन गोळे. फुल्या वरच्या ओळीत सलग बसल्या आहेत, गोळे खाली इकडेतिकडे विखुरलेत. कागदावर ही मांडणी काढायला काहीच अडचण नाही. फुल्या-गोळ्यांची संख्याही जुळते. पण फुलीने सुरू झालेल्या खेळात ही स्थिती कधीच येणार नाही. तिसरी फुली ओळीत बसली तेव्हा पटावर दोनच गोळे होते, आणि डाव तिथेच संपला होता. मग तिसरा गोळा काढला कुणी आणि कधी?

खेळाच्या पटावर एकूण किती स्थिती येऊ शकतात ही मोजदाद मला मनापासून आवडते, ती अशा प्रश्नांसाठी. शेवटी हाती येणारा आकडा मोठा असतो, कधी कधी अवाढव्य असतो. पण माझा जीव गुंततो तो त्या आकड्यापर्यंत पोचताना काय काय वगळावं लागतं त्यात.

फुली-गोळ्याचंच पाहा. प्रत्येक घर रिकामं, फुलीचं किंवा गोळ्याचं, घरं नऊ, म्हणून तीनाला तीनाने नऊ वेळा मांडून गुणायचं आणि १९,६८३ म्हणून मोकळं व्हायचं. या आकड्यात नऊच्या नऊ फुल्यांचा पटही आला. खेळी आळीपाळीने होते एवढी एक गोष्ट हिशेबात घेतली, म्हणजे फुल्या गोळ्यांइतक्याच किंवा एकाने जास्त असं म्हटलं, की १९,६८३ चे एकदम ६,०४६ होतात. पुढची पायरी वरच्या उदाहरणाची. सहा घरं भरलेली असताना फुल्यांची रेघ पूर्ण झालेली असेल तर ती स्थिती बाद. रेघा आठ, आणि उरलेल्या सहा घरांत तीन गोळे बसवायच्या रीती वीस. म्हणून १६० बाद. सात, आठ आणि नऊ घरं भरलेल्या पटांचाही असाच विचार केला की एकूण ५६८ स्थिती गळतात आणि ५,४७८ उरतात. डाव जिंकल्यावर संपतो, या नियमाची किंमत ५६८. शेवटी, वही फिरवून धरली किंवा आरशात पाहिली तरी पट तोच, हे मान्य केलं की खऱ्या अर्थाने वेगळ्या स्थिती उरतात ७६५.

१९,६८३ पासून ७६५ पर्यंतची ही उतरण एका दुपारी हाताने करता येते. ती ज्याने एकदा केली त्याला बुद्धिबळाचे किंवा गो या चिनी खेळाचे आकडे नुसते मोठे म्हणून दिपवत नाहीत. प्रत्येक आकड्याला तो विचारतो, यातून काय काय वगळलंय?

हा प्रश्न विचारायची सवय नसली की काय होतं ते मोबाइलवर फिरणाऱ्या एका वाक्यात दिसतं. ‘विश्वात जेवढे अणू आहेत त्याहून जास्त स्थिती बुद्धिबळाच्या पटावर येऊ शकतात.’ हे चूक आहे, आणि चूक साधी नाही. दृश्य विश्वातल्या अणूंचा नेहमी दिला जाणारा अंदाज एकावर ८० शून्यं एवढा आहे. बुद्धिबळातल्या स्थिती त्याच्या जवळपासही जात नाहीत. त्या एकावर ४४-४५ शून्यांच्या आसपास थांबतात. अणूंना मागे टाकतात ते डाव. स्थिती म्हणजे पटाचं एका क्षणाचं चित्र. डाव म्हणजे अशा चित्रांची पहिल्यापासून शेवटपर्यंतची माळ. तीच स्थिती वेगवेगळ्या क्रमाने खेळून गाठता येते, म्हणून डावांची संख्या नेहमीच कितीतरी पुढे धावते. फुली-गोळ्यात स्थिती ५,४७८ आणि डाव २,५५,१६८. चिमुकल्या पटावरच एवढी तफावत, तर चौसष्ट घरांवर किती असेल!

अणूंशी तुलना होते तो डावांचा आकडा क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाचा. संगणकाकडून बुद्धिबळ कसं खेळवून घेता येईल यावर त्याचा लेख १९५० साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये आला. कोणत्याही वेळी साधारण तीस खेळ्या उपलब्ध असतात. पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक मिळून सुमारे हजार पर्याय. डाव चाळीस खेळ्यांचा धरला तर हजाराला हजाराने चाळीस वेळा गुणायचं. एकावर १२० शून्यं. इतका उघडा, इतका सरळ अंदाज. त्याच लेखात त्याने स्थितींचाही अंदाज दिला आहे आणि तो मला जास्त रोचक वाटतो. चौसष्ट घरं, बत्तीस मोहरे. मोहरे सगळे वेगवेगळे धरून ते मांडायच्या रीती काढायच्या. मग पांढरी आठ प्यादी आपसांत सारखी, काळी आठ सारखी, हत्ती-घोडे-उंटांच्या सहा जोड्या सारख्या, म्हणून तेवढ्यांनी भागायचं. उत्तर त्याने ढोबळमानाने एकावर ४३ शून्यं असं लिहिलं.

या सूत्राकडे जरा रोखून पाहिलं की कळतं, ते दोन्ही बाजूंनी सैल आहे. त्यात प्यादं पहिल्या ओळीत उभं राहू शकतं, दोन राजे शेजारी शेजारी बसू शकतात, दोन्ही राजांना एकाच वेळी शह असू शकतो. हे सगळं अशक्य, म्हणजे आकडा फुगलेला. दुसरीकडे, त्यात एकही मोहरा कधी मारला जात नाही आणि एकही प्यादं शेवटच्या ओळीत पोचून वजीर होत नाही. म्हणजे खऱ्याखुऱ्या स्थितींचा मोठा भाग बाहेरच राहिला. शॅननला याची पर्वा करायची गरज नव्हती. सगळ्या शक्यता तपासून खेळणारं यंत्र बांधता येणार नाही, एवढंच त्याला दाखवायचं होतं. त्या कामाला शून्यं चार इकडे-तिकडे झाली तरी चालणार होती. अंदाज कशासाठी करायचा आहे हे ठाऊक असलं की तो किती घट्ट हवा हेही ठरतं, आणि शॅननचं हे भान मला फार मोलाचं वाटतं.

घट्ट अंदाज पुढे जॉन ट्रॉम्प या संगणकशास्त्रज्ञांनी केला, आणि त्यांची रीत म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. आधी त्यांनी एक मोठा संच ठरवला. प्यादी, मारले गेलेले मोहरे आणि प्याद्यांचे बनलेले नवे मोहरे यांचा मेळ जमेल अशा सगळ्या मांडण्या त्यात येतात. या संचाची संख्या नेमकी मोजता येते, ती ८.७ गुणिले १० चा ४५ वा घात एवढी भरते. संचातल्या प्रत्येक मांडणीला एक क्रमांक. मग क्रमांकांतून चिठ्ठ्या टाकून लाखो मांडण्या उचलायच्या आणि प्रत्येकीला विचारायचं, तू सुरुवातीच्या मांडणीपासून नियमाने खेळत खेळत येऊ शकतेस का? शंभरात पाच-सहाच ‘हो’ म्हणतात. त्या प्रमाणाने मोठ्या संचाला गुणलं की बुद्धिबळातल्या कायदेशीर स्थितींचा अंदाज येतो ४.८ गुणिले १० चा ४४ वा घात. पहिले दोन अंक खात्रीचे. हे ऐकायला साधं वाटतं, पण पंचेचाळीस अंकी संख्येचे पहिले दोन अंक छातीठोकपणे सांगणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! शॅननला शून्यंही मोजून-मापून घ्यायची नव्हती.

आता हे शीत हातात घेऊन नीट पाहू. चिठ्ठीतून निघालेली कायदेशीर स्थिती दिसते तरी कशी? तुमच्या-माझ्या डावासारखी मुळीच नाही. एका बाजूला तीन वजीर, चार उंट, दुसऱ्या बाजूला पाच घोडे, प्यादी एखाद-दुसरी. नियमाने सगळं बरोबर, पण असा डाव कुणी खेळलेला नाही आणि खेळणारही नाही. कारण एका तुलनेत सापडतं. स्टीफान श्टाइनरबर्गर या गणितज्ञांनी सिद्ध केलंय की प्याद्याचा दुसरा कोणताच मोहरा झालेला नाही अशा स्थिती १.५३ गुणिले १० च्या ४० व्या घाताहून जास्त नाहीत. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की दिसतं, प्याद्यांना बढती न मिळालेल्या एका स्थितीमागे बढती मिळालेल्या निदान तीस हजार आहेत! बुद्धिबळाच्या विराट आकड्याचा जवळजवळ सगळा भार त्या एका नियमावर उभा आहे, जो नियम बहुतेक डावांत एकदा वापरला गेला तरी पुष्कळ.

आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात हा नियम वेगळा होता. प्यादं ज्या घरात पोचेल त्या घराच्या मूळ मोहऱ्याचा दर्जा त्याला मिळे. घोड्याच्या घरात पोचलेल्याचा घोडा, हत्तीच्या घरात पोचलेल्याचा हत्ती. वाटेल त्याचा वजीर करायची मुभा नव्हती. त्या खेळाच्या स्थिती कुणी ट्रॉम्प यांच्या रीतीने मोजल्या तर आकडा किती खाली येईल, हे करून पाहावं असं मला फार वाटतं. पट तोच, मोहरे तेच, आणि एका ओळीचा नियम बदलल्याने शून्यं गळतील.

गोमध्ये तर अंदाजाची गरजच उरलेली नाही. १९ बाय १९ रेघांच्या ३६१ छेदबिंदूंवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या बसतात, आणि सोंगट्यांच्या प्रत्येक गटाला लगत निदान एक रिकामा बिंदू, श्वास घ्यायला जागा, हवी. बस, एवढीच अट. ट्रॉम्प आणि गुनार फार्नेबेक यांनी पट एकेक बिंदू पुढे सरकत मोजायची युक्ती काढली. मागचा सगळा भाग विसरायचा, फक्त सीमेवरच्या गटांना अजून श्वास मिळायचा आहे की मिळाला, तेवढंच लक्षात ठेवायचं. २ बाय २ च्या पटावर ८१ मांडण्यांपैकी ५७ खऱ्या. हे तर पेन्सिलीने करता येतं. पूर्ण पटाचा नेमका आकडा जानेवारी २०१६ मध्ये लागला. तो १७१ अंकी आहे, आणि सगळ्या मांडण्यांच्या तो जेमतेम १.२ टक्के भरतो. त्याच वर्षी मार्चमध्ये सोलला अल्फागो या प्रोग्रामने ली सेडोल या महान खेळाडूला ४-१ असं हरवलं. मोजणाऱ्यांना चांगली खेळी कोणती ते सांगता येत नव्हतं, आणि खेळणाऱ्या प्रोग्रामला एकूण स्थिती किती याची गरज पडली नव्हती. दोन्ही कामं शेजारी शेजारी चालली होती आणि दोहोंना एकमेकांची खबर लागायचं कारण नव्हतं.

खरं तर आकडा मोठा म्हणून खेळ सुटत नाही, असंही नाही. चेकर्स या पटावरच्या सोंगट्यांच्या खेळात सुमारे ५ गुणिले १० चा २० वा घात एवढ्या स्थिती आहेत. आपल्या जुन्या संख्यानामांची यादी परार्धाशी, म्हणजे एकावर १७ शून्यांशी, संपते; त्या मापाने हे पाच हजार परार्ध झाले. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर यांनी १९८९ मध्ये काम सुरू केलं आणि २००७ मध्ये जाहीर केलं की दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. त्यासाठी परार्धांच्या राशीतल्या सुमारे १० चा १४ वा घात एवढ्याच स्थिती पाहाव्या लागल्या. बाकीच्या स्थिती पटावर येऊ शकतात हे खरं, पण उत्तरासाठी त्यांच्यापर्यंत जायचं कारणच पडत नाही.

हाताने मोजण्याचं खरं सुख मात्र मला लहान पटांवर मिळतं. महाराष्ट्रातल्या लेण्यांच्या ओट्यांवर, किल्ल्यांच्या पायऱ्यांजवळ, देवळांच्या फरशीत कोरलेले पट अनेकांनी पाहिले असतील. एकात एक तीन चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा दिसल्या तर ती नवकंकरी. बिंदू चोवीस, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खडे. ढोबळ मांडण्या २,८२,४२,९५,३६,४८१. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात राल्फ गासर यांनी १९९३ मध्ये हा खेळ पूर्ण सोडवला तेव्हा, खडे मांडून झाल्यानंतरच्या भागात त्यांना ७,६७,३७,५९,२६९ स्थिती हाताळाव्या लागल्या. हा पट फिरवता येतो, आरशात पाहता येतो, शिवाय बाहेरचा चौकोन आत आणि आतला बाहेर असाही उलटता येतो. त्यामुळे एकेका स्थितीची सोळा रूपं एकच धरता येतात. निकाल इथेही बरोबरी.

पण माझा सगळ्यांत लाडका पट वाघ-बकरीचा. हा खेळ ठिकठिकाणी वेगवेगळ्या पटांवर आणि वेगवेगळ्या सोंगट्यांनी खेळतात; इथे नेपाळातला ‘बाघचाल’ घेतो, कारण त्याची मोजदाद झालेली आहे. पंचवीस बिंदू, चार वाघ, वीस बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी मारतो. बकऱ्यांनी वाघांना कोंडायचं. पाच बकऱ्या मेल्या की वाघ जिंकले. सगळ्या बकऱ्या पटावर मांडून झाल्या आहेत असं धरू.

चार वाघ पंचवीस बिंदूंवर किती रीतींनी बसतील? यासाठी भास्कराचार्यांची रीत घ्यावी. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याचा उल्लेख आहे ते हे भास्कराचार्य. लीलावतीत, इसवी सन ११५० मध्ये, त्यांनी सांगितलंय की वर उतरते अंक मांडा, खाली एकापासून चढते मांडा, भागत आणि गुणत चला. सहा रसांपैकी एक, दोन, तीन असे घेऊन किती चवी होतील, हे त्यांचं उदाहरण. इथे वर २५, २४, २३, २२ आणि खाली १, २, ३, ४. उत्तर १२,६५०. साडेआठशे वर्षं होऊन गेली, रीत जशीच्या तशी चालते.

वाघ बसले की एकवीस बिंदू उरले. त्यांवर वीस बकऱ्या, म्हणजे एकच बिंदू रिकामा: २१ रीती. एक बकरी मेली की दोन रिकामे: २१०. दोन मेल्या: १,३३०. तीन: ५,९८५. चार: २०,३४९. माझ्या दृष्टीने या पटाची गंमत इथे आहे. फुली-गोळ्याचा पट भरत जातो आणि शेवटाकडे शक्यता आटतात. इथे बकऱ्या मरतात, पट मोकळा होतो, आणि स्थिती उसळून वाढतात. एकूण बेरीज २७,८९५. तिला १२,६५० ने गुणलं की ३५,२८,७१,७५०. खेळी वाघाची की बकरीची, म्हणून दुप्पट. पट चार बाजूंनी फिरवता येतो आणि आरशात पाहता येतो, म्हणून भागिले आठ. साधारण ८ कोटी ८२ लाख १८ हजार. वही आणि पेन, आणखी काही नाही.

सिंगापूरचे लिम यू जिन आणि झुरिकचे युर्ग नीवरगेल्ट यांनी हा खेळ संगणकावर सोडवला. त्यांचा आकडा आहे ८,८२,६०,९७२. त्यांच्या हिशेबाप्रमाणेही, दोघे चोख खेळले तर डाव बरोबरीत. वहीतला अंदाज आणि त्यांचा आकडा यांत त्रेचाळीस हजारांचा फरक पडतो. आठ कोटींपुढे तो किरकोळ आहे, पण मला तो तसा सोडवत नाही. हा फरक येतो कुठून?

येतो तो आठाने भागण्यातून. प्रत्येक स्थितीला आठ वेगवेगळी रूपं असती तर भागाकार चोख बसला असता. पण काही स्थिती स्वतःच सममित असतात. आरशात पाहिल्या तरी तशाच. त्यांची रूपं चारच, किंवा दोन, किंवा एकच. आठाने भागताना त्या अर्ध्या-पाव होऊन बसतात. त्यांना पूर्ण हक्क द्यायची रीत अशी: फिरवण्या-उलटण्याच्या आठ क्रियांपैकी प्रत्येकीने किती स्थिती जशाच्या तशा राहतात ते मोजायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि मग आठाने भागायचं.

एकही बकरी मेलेली नाही तो सर्वांत छोटा गट घेऊ: १२,६५० गुणिले २१, म्हणजे २,६५,६५० स्थिती. पट हलवलाच नाही तर या सगळ्या तशाच राहतात. आता आरसे चार: उभा, आडवा, दोन तिरपे. प्रत्येक आरशाच्या रेघेवर पाच बिंदू, उरलेल्या वीसच्या दहा जोड्या. रिकामा बिंदू एकच आहे, त्याला जोडीदार नाही, म्हणून तो रेघेवरच हवा: पाच रीती. चार वाघ मग रेघेवरच्या उरलेल्या चारही बिंदूंवर बसतील (१ रीत), किंवा दोन रेघेवर आणि दोन एका जोडीत (६ गुणिले १०, म्हणजे ६०), किंवा दोन जोड्यांत (४५). एकूण १०६. पाचाने गुणून ५३०. चार आरशांचे २,१२०. अर्धा फेरा फिरवला तर फक्त मधला बिंदू जागचा हलत नाही, म्हणून रिकामा तोच; वाघ बारा जोड्यांपैकी दोन जोड्यांत: ६६. पाव फेऱ्यात मध्य पुन्हा रिकामा, बाकीच्या बिंदूंचे चार-चारांचे सहा गट, वाघ त्यांतल्या एका गटात: ६. डावीकडून आणि उजवीकडून मिळून १२. या सहांत चार वाघ चार कोपऱ्यांत, मध्य रिकामा आणि बाकी सगळीकडे बकऱ्या, ही स्थितीही आहे. पटावरची सगळ्यांत देखणी मांडणी ती असावी. यातल्या प्रत्येकीपर्यंत खेळत पोचता येतंच, असं मात्र ही मोजणी म्हणत नाही. ती चाळणी लावायची तर बुद्धिबळासारखाच प्रत्येकीला प्रश्न विचारावा लागेल.

बेरीज २,६७,८४८. भागिले आठ, ३३,४८१. लिम आणि नीवरगेल्ट यांच्या तक्त्यात एकही बकरी मेलेली नसतानाचा आकडा अगदी हाच आहे.

पुढची पायरी, एक बकरी मेल्यानंतरची, कुणाला करून पाहायची असेल तर रिकामे बिंदू दोन झाल्याने जरा जपून जावं लागतं: दोन्ही रिकामे आरशाच्या रेघेवर असतील, किंवा दोघे मिळून एक जोडी असतील, हे दोन्ही प्रकार वेगळे मोजायचे. अर्ध्या फेऱ्यात बकऱ्या एकोणीस, म्हणजे विषम, तेव्हा मधल्या बिंदूवर बकरीच येणार. पाव फेऱ्यात एकही स्थिती टिकत नाही. उत्तर ३,३३,१७५ यायला हवं.